वळवणचे मासे, वाळणचे मासे

लोणावळ्याला जाणारा मराठी माणूस दोन गोष्टी हटकून करतो. धुके पाहतो आणि चिक्की घेतो. वळवणच्या धरणाकडे गेलाच, तर बागेपर्यंत. आम्ही मात्र प्राणिशास्त्राच्या एका प्राध्यापक मित्राच्या नादाने गेलो ते मासे पाहायला. खायला नव्हे, पाहायला; हे सौभाग्यवतीला दोनदा सांगावे लागले.

वळवणचे पाणी मोठे गमतीचे. वास्तविक ते इंद्रायणीचे. देहू-आळंदी करीत भीमेला, भीमेबरोबर कृष्णेला मिळून पूर्वसमुद्राला जायचे. टाटांच्या वीजयोजनेने ते घाटाखाली उतरवले. खोपोलीचे वीजघर 1915 साली सुरू झाले, तेव्हापासून ते पाताळगंगेने पश्चिमसमुद्राला जाते. या जलाशयाच्या काठी 1970 च्या दशकात मत्स्यतज्ज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी महाशीर माशाची पैदास हाताने करून दाखवली. नदीत दुर्मीळ होत चाललेला हा मासा. मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून अंडी काढायची, त्यांवर नराचे रेत मिसळायचे, आणि ती सोनेरी अंडी वाहत्या पाण्याच्या ताटल्यांत पसरायची. पुढे येथली पिल्ले देशभरच्या नद्यांना गेली.

या महाशीराचे शास्त्रीय नाव ‘टोर खुद्री’. ते 1839 चे. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रजाने पुण्याच्या मुळा-मुठेत तो पाहिला आणि आपल्या लोकांच्या तोंडचे नावच त्याला देऊन टाकले. कोळस आणि नकटा हे मासेही त्याच्याच कृपेने लॅटिन पोशाखात मराठी नावे मिरवतात. जगभरचे पंडित एका माशाला गंभीरपणे ‘नकटा’ म्हणतात, याचा मराठीच्या मास्तराला आनंद का होऊ नये?

तर मासे वाढले, नद्यांत सुटले. यात दुखणे कोठे आले? मित्र म्हणाला, “अहो, सगोत्र विवाह का टाळतात? तेच इथे.” मग त्याने हिशेबच मांडला. समजा, कोणा मत्स्यबीज केंद्राने वीस माद्या घेतल्या, पण रेत एकाच नराचे वापरले. पाहणाऱ्याला आईबाप एकवीस दिसतात. आनुवंशाच्या हिशेबात ते जेमतेम चार भरतात, आणि एका पिढीतच मूळ विविधतेचा सुमारे आठवा हिस्सा गळतो. पिल्ले लाखभर निघाली तरी सगळी एकमेकांची भावंडे. शिवाय नदीत लोंढा, रोग, शत्रू यांच्या तडाख्यातून थोडी जगतात. ताटलीत जवळजवळ सगळीच. ताटलीत वाढायला लायक तो पुढच्या पिढीचा बाप! उद्या पाणी तापले, नवा रोग आला, तर त्याला तोंड देणारा एखादा वेगळा गुण या गोतावळ्यात कोणाजवळ सापडायचा? उपायही आहेत: दरवर्षी नदीतून नवे आईबाप आणावेत, एकेका मादीची अंडी वाटून वेगवेगळ्या नरांशी जुळवावीत, आणि मुख्य म्हणजे ज्या नदीचे बीज त्याच नदीत सोडावे.

हे शेवटचे पथ्य मोडले की काय होते, ते कावेरीला विचारावे. तिथे पाठीवर उंचवटा असलेला थोराड महाशीर राहतो. 1946 साली काबिनी नदीत 120 पौंडांचा मासा गळाला लागला होता, ती नदी कावेरीचीच लेक. त्या कावेरीत लोणावळ्याची निळसर परांची खुद्री सोडली गेली. हेतू अगदी चांगला. खुद्री फोफावली, आणि उंचवट्याचा धनी मात्र गळाला लागेनासा झाला. धरणे, सुरुंग लावून केलेली मासेमारी हीही कारणे आहेतच. सगळे खापर पाहुण्यावर फोडणे न्यायाचे नव्हे. पण गंमत पाहा, ज्या माशासाठी साहेबलोक समुद्र ओलांडून येत, त्याचे शास्त्रीय नाव ‘टोर रेमादेवी’ हे निश्चित व्हायला 2018 उजाडले. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. खुद्री त्याच सुमारास संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडली!

परतताना मित्राने हट्टाने महाडकडे नेले. रायगडाच्या मुलखात काळ नदीवर वाळणकोंड म्हणून डोह आहे. वरदायिनी देवीचा. इथले महाशीर देवीचे, म्हणून कोणी धरत नाही. चुरमुरे टाकताच पाणी काळे झाले, इतके मासे वर आले. हातभर लांब, निर्भय.

शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांना मी सहज विचारले, “आजोबा, इथे बाहेरची पिल्ले आणून सोडली तर आणखी वाढतील, नाही?”

आजोबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. “देवीची पोरं देवीपाशी हायत,” ते म्हणाले, “दुसऱ्याची कशापायी आनायची?”

मित्र काही बोलला नाही. त्याने उरलेले चुरमुरे आजोबांच्या ओंजळीत ओतले.