उतरता खांदा

लिहायला शिकवणारे पहिल्याच दिवशी सांगतात, ‘अनुभवाचं लिहा.’ सल्ला चांगला, पण अर्धा. अनुभव काय, सगळ्यांकडेच असतो. एका घरात वाढलेल्या दोघांकडे तर तोच तो असतो. तरी त्या दोघांना घराचं वर्णन करायला बसवा, घरं दोन निघतात. लिहिताना कामाला येतं ते आपण त्या घरात कुठे बसायचो आणि तिथून काय दिसायचं, हे.

आमचं घर शिंप्याचं. बार्शीच्या पेठेत, पुढे दुकान आणि मागे आम्ही. गिऱ्हाइकं वडिलांना ‘मास्तर’ म्हणायची. शाळेतून आलो की मी मापं उतरवून घ्यायला बसे. ते टेप लावत बोलायचे, मी वहीत लिहायचो : उंची, छाती, तीरा, बाही, गळा. आकड्यांच्या पुढे थोडी कोरी जागा सोडलेली असे आणि खरी गंमत त्या जागेत. ‘उजवा खांदा उतरता’, ‘पाठीला बाक’, ‘पोट पुढे’. हे ते गिऱ्हाइकासमोर कधी बोलले नाहीत. माणूस पायरी उतरून गेला की हलक्या आवाजात सांगायचे.

दोन्ही खांदे अगदी सारखे असलेला माणूस त्यांना भेटला नसावा. आडतीवरच्या हमालांचं सोडा, पोती वाहून त्यांचं तसं होणारच. पण बँकेतला कारकून, तालमीतला पैलवान, गळ्यात वीणा घेऊन उभे राहणारे बुवा, सगळे कुठे ना कुठे कललेले. कोट असेल तर आत पॅड घालून दोन्ही बाजू सारख्या दाखवता येतात. सदऱ्याला ती सोय नाही. तिथे वडील कापडच त्या बाजूला उतरतं कापत. असा सदरा खुंटीवर वाकडा दिसतो, अंगावर सरळ बसतो.

पोट सुटलेल्या माणसाच्या सदऱ्याची पुढची उंची मागच्यापेक्षा जास्त ठेवावी लागते, नाहीतर सदरा पुढून वर उचलला जातो. आमच्याकडे शिवणाऱ्या एका पुढाऱ्याची प्रगती मला अशीच कळली. वर्तमानपत्रात त्यांची पदं छापून यायची, आमच्या वहीत पुढची उंची वाढायची. बंडीला चोरखिसा लावायला सांगणारे म्हातारेही तसेच. खिसा केवढा हवा ते दोन बोटांनी छातीवर दाखवायचे आणि त्यावरून आत काय जाणार, नोटा, तंबाखूची पुडी की नुसती पावती, याचा अंदाज वडील बांधायचे. बहुधा बरोबर.

हे सगळं माझ्या लिहिण्यात आपोआप येतं. गोष्टीतला माणूस माझ्याकडे दारातून येतो तो खांदा पुढे करून. डोळे, हसू, आवाज मागाहून. ‘तो सत्तेने मातला होता’ असं लिहायची वेळ आली की मला पुढची उंची आठवते आणि मग ते वाक्य लिहावं लागत नाही. दुसऱ्या कुणाला हे सुचणार नाही असं नाही, पण त्याला शोधावं लागेल. माझ्या ते हाताशी आहे. स्वतःची नजर वापरायची म्हणजे दर वाक्यात ‘मी’ आणायचा, असं हल्ली पुष्कळांना वाटतं. मापाच्या वहीत वडिलांचं नाव कुठेच नव्हतं, तरी पान न पान त्यांचं होतं.

या नजरेला कडाही असतात. बायकांची मापं वडील घेत नसत. घरून जुना ब्लाउज मापाला यायचा, एखाद्या पोराच्या हाती, पिशवीतून. विटलेला, काखेत कापड विरलेलं, बाजूची टीप एकदा उसवून पुन्हा घातलेली. तेवढ्यावरून वडील नवा शिवून द्यायचे आणि तो बरोबर बसायचा. पण ती बाई कोण, हे त्यांना माहीत नसायचं. आपल्याकडच्या कित्येक नावाजलेल्या लेखकांनी स्त्रिया अशाच लिहिल्या आहेत, मापाच्या ब्लाउजावरून. शिलाई बिनचूक, आत बाई नाही.

त्या बाया माहीत होत्या माझ्या थोरल्या बहिणीला. ताई आतल्या खोलीत खिडकीशी बसून काज, बटणं, तुरपाई करायची. शिवून झालेला ब्लाउज न्यायला बाया मागच्या दारानं येत, टेकत, बोलत बसत. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं काज करायची वेळ संध्याकाळी आली की तिचा जीव मेटाकुटीला यायचा. वकील मंडळींवरचा तिचा राग तेव्हापासूनचा. ताईच्या आठवणीतलं घर उजेडाचं आहे : कधी भरपूर, कधी कमी पडलेला. माझं कापडाचं.

मोजणाऱ्या माणसांत मला सगळ्यांत जवळच्या वाटतात इरावतीबाई कर्वे. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या आणि त्यांनी प्रबंधाला विषय घेतला तो कवटीच्या दोन बाजू सारख्या नसण्याचा. मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. या असमानतेचा वंशाशी संबंध निघेल अशी त्यांची अपेक्षा. मापं तसं म्हणेनात आणि बाईंनी मापांचं ऐकलं. पुढे इथेही त्या माणसांची डोकी, नाकं मोजत गावोगाव फिरल्या. त्यांच्या ललित लेखांत कॅलिपर कुठे दिसत नाही, पण ती सवय दिसते. पंढरीच्या वारीत त्या दिंडीबरोबर चालल्या. त्या लेखात भक्तीचा उमाळा आहे आणि एकाच दिंडीत पंगती जातवार वेगळ्या बसतात ही नोंदही आहे. दुसऱ्या कुणी पहिल्यासाठी दुसरी गाळली असती. १९४९च्या ‘परिपूर्ती’तला त्या नावाचा लेख तर मला मापाच्या वहीसारखाच वाटतो. सभेत त्यांची ओळख करून दिली जाते, अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी, आणि काहीतरी राहिलं असं त्यांना वाटत राहतं. ते पुरं होतं रस्त्यावरच्या पोरांच्या तोंडून, आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून. जन्मभर दुसऱ्यांना मोजलेल्या बाईनं स्वतःच्या वेळी टेप पोरांच्या हाती दिली.

लक्ष्मीबाई टिळकांचं याहून वेगळं. त्यांच्या वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं मीठही धुऊन घ्यायचं. एखाद्या सुधारकानं यावर तावातावानं पानंच्या पानं लिहिली असती. १९३४ पासून भागाभागांनी आलेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाई हसतात. ज्या पोरीला ते सोवळं सोसावं लागलं, तिच्या उंचीवरून ते तसंच दिसलं असणार, भीतिदायक आणि हास्यास्पद, दोन्ही एकाच वेळी. ग्रंथभाषेचं पॅड त्यांनी घातलं नाही. शाळा झाली नव्हती म्हणून म्हणा, की गरज वाटली नाही म्हणून.

वडिलांच्या दुकानावर मी लिहिलेलं मध्यंतरी ताईला वाचून दाखवलं. चष्मा कपाळावर चढवून तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “अरे, यात बटणं कुठायत? तुझी सगळी माणसं उघड्या सदऱ्यानं हिंडतायत.”

म्हटलं, “बटणं तुझी. तू लिही.”

“लिहीन की,” ती म्हणाली, “पण त्यात तू नसशील. तू कधी खिडकीपाशी आलासच कुठे?”