लांब पायांची कोंबडी

कोंबड्या पाळणारी माणसे दोन प्रकारची असतात. पहिल्याची दृष्टी अंड्यावर आणि रश्श्यावर असते. दुसऱ्याची तुऱ्यावर, शेपटीच्या बाकावर आणि पिसांच्या रंगावर. पहिला मनुष्य शहाणा समजला जातो. दुसऱ्याला लोक हौशी म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना किंचित हसतात. मी दुसऱ्या प्रकारात मोडतो. माझ्या निवासामागच्या परसात हिंडणाऱ्या चिमुकल्या कोंबड्या पाहून नवा पाहुणा प्रथम विचारतो, "फादर, ह्यांची अंडी तरी केवढी?" मी म्हणतो, "मोठ्या लिंबाएवढी." मग तो विषय तेथेच संपतो.

ह्या कोंबड्यांना बँटम म्हणतात. जावा बेटाच्या पश्चिमेस बांतेन नावाचे जुने बंदर आहे. तेथून नेलेल्या लहान कोंबड्यांना युरोपीय खलाशांनी बंदराचेच नाव दिले आणि पुढे ते सर्वच ठेंगण्या कोंबड्यांना चिकटले. मजपाशी आहेत त्या जपानी जातीच्या. जपानात त्यांना चाबो म्हणतात. त्यांचे पूर्वज आग्नेय आशियातून तिकडे गेले. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ ह्या अडीचशे वर्षांत, जपानी शौकिनांनी त्यांना आजचे रूप दिले, आणि १९४१ साली त्या देशाने ह्या जातीला नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला.

चाबोचा कोंबडा वजनाने अर्धा-पाऊण किलोच्या पलीकडे सहसा जात नाही. पण त्याचा तोरा पाहावा! तुरा भला मोठा आणि तांबडाभडक, छाती पुढे काढलेली, पंखांची टोके जमिनीला टेकलेली, आणि शेपटी तलवारीसारखी उभी, डोक्याच्याही वर गेलेली. सर्वांत लोभस रंग मानतात तो पांढऱ्या अंगाचा आणि काळ्या शेपटीचा. त्या काळ्या पिसांना पांढरी बारीक किनार असते. आणि ह्या सगळ्या थाटाखाली पाय इतके आखूड, की कोंबडा चालतो आहे की घरंगळतो आहे हे दुरून कळू नये. परीक्षक प्रदर्शनात प्रथम पाहतात ते हे पायच. पाय लांब असले, तर बाकीचे रूप कितीही देखणे असो, बक्षीस नाही.

ह्या आखूड पायांची सेवाही करावी लागते. आमच्या सीमाभागातला पाऊस काही थोडाथोडका नाही. ओल्या गवतातून चालताना ह्यांच्या पोटाची पिसे भिजतात, सर्दी होते. म्हणून जून ते सप्टेंबर त्यांना कोरड्या भुशावरच ठेवावे लागते. बसायची दांडी जमिनीपासून वीतभर उंच पुरे. पिलांना पहिल्या आठवड्यात राणीखेतची लस डोळ्यांत थेंब टाकून द्यायची, मग तांदळाची कणी आणि मिळेल तेव्हा वाळवी. एवढे केले की हा पक्षी आनंदाने जगतो व माणसाच्या अंगाखांद्यावर खेळतो.

आमच्या धर्मग्रामातल्या एका शाळकरी मुलाला ह्या पक्ष्यांचे वेड लागले. त्याने खाऊचे पैसे साठवून एक जोडी आणली, आणि ती निवडताना दोन्ही पक्षी अतिशय आखूड पायांचे घेतले. त्याचा हिशेब सरळ होता: आईबाप दोघेही आखूड, म्हणजे पिले त्याहूनही आखूड. पण प्रत्येक खेपेला दोनतीन अंडी खराब निघू लागली. त्याच्या आज्जीने एकदा विजेच्या कडकडाटाला दोष दिला आणि टोपलीत लोखंडी खिळा ठेवला. दुसऱ्यांदा शेजारणीच्या दृष्टीला दोष दिला आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. तिसऱ्या खेपेला तो रडवेला होऊन मजकडे आला.

"फादर, आज्जी म्हणते मी कुणाला तरी लागेलसं बोललो असेन, म्हणून असं होतंय."

"तू काही बोलला नाहीस, बाळ," मी म्हटले. "उद्या संध्याकाळी अंडी घेऊन ये."

अंड्यांना सातवा दिवस होता. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती लावून, हाताच्या मुठीची नळी करून आम्ही एकेक अंडे ज्योतीसमोर धरले. जिवंत अंड्यात तांबड्या शिरांचे नाजूक जाळे दिसते, कोळ्याच्या जाळ्यासारखे, आणि मध्ये एक हलता ठिपका. काही अंड्यांत मात्र जाळे नव्हते. नुसते रक्ताचे कडे होते. जीव धरला होता आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीच विझला होता. मुलाने ते कडे पाहिले आणि बराच वेळ काही बोलला नाही.

त्याला जे सांगितले ते वाचकांसही सांगतो. कारण ह्या विद्येचा आरंभ आपल्याच एका धर्मबंधूने केला आहे. ब्रुनो नगरातील ऑगस्टिनियन मठात राहणाऱ्या ग्रेगोर मेंडेल ह्या धर्मगुरूने १८५६ पासून आठ वर्षे मठाच्या बागेत वाटाण्याची हजारो रोपे वाढवून आनुवंशिकतेचे नियम शोधले. १८६५ साली त्याने ते विद्वानांपुढे वाचले, १८६६ साली छापले. आणि कोणी विशेष लक्ष दिले नाही. १८८४ साली तो मरण पावला. १९०० साली जग जागे झाले, आणि दोनच वर्षांत इंग्लंडच्या विल्यम बेटसनने कोंबड्यांच्या तुऱ्यांवर तेच नियम लागू पडतात असे दाखवले.

त्या नियमांप्रमाणे प्रत्येक पिलाला प्रत्येक गुणाचे दोन बीजांश मिळतात, एक बापाकडून, एक आईकडून. आखूड पाय देणारा बीजांश चाबोत एकच असतो. दुसरा साध्या पायांचा. एक मिळाला तर पाय आखूड होतात. दोन्ही आखूडच मिळाले तर मात्र गर्भ जगत नाही. २०१६ साली चिनी संशोधकांनी ह्याचे कारणही शोधून काढले: हाडांची वाढ घडवणारा बीजसूत्राचा एक तुकडाच त्या बीजांशात गळलेला असतो. एका बाजूने तो मिळाला तर निभावते. दोन्ही बाजूंनी हरवला तर पिलू अंड्यातच संपते.

आता हिशेब पाहा. आखूड पायांचा कोंबडा आणि आखूड पायांची कोंबडी एकत्र ठेवली, तर सरासरीने चार अंड्यांत एक मरते, दोन आखूड निघतात, आणि एक लांब पायांचे निघते. म्हणजे ज्याला अगदी शुद्ध चाबो म्हणावे, दोन्ही बाजूंनी आखूड, तो जन्मालाच येत नाही. परीक्षकाच्या मनातली पूर्णता अंड्याच्या कवचाआड तिसऱ्या दिवशी मरते. उलट, आखूड पायांच्या कोंबड्याला लांब पायांची कोंबडी दिली, तर अर्धी पिले आखूड आणि अर्धी लांब निघतात. ह्या कारणाने एकही मरत नाही.

लांब पायांची ती कोंबडी, जिला प्रदर्शनात कोणी पिंजऱ्यातही ठेवणार नाही आणि पुष्कळ शौकीन जिला पिलूपणीच बाजारात किंवा रश्श्यात पाठवतात, तीच वंशाला मरणापासून वाचवते. आणि ती रिकाम्या हातानेही येत नाही. तुरा, शेपटीचा बाक, पिसांची किनार, हे सारे तिच्या रक्तात आहेच. नाही ते एवढेच, की ती स्वतः तशी दिसत नाही.

'शुद्ध' ह्या शब्दाचा गर्व कोंबड्यांत तरी टिकत नाही. चाबोचे पाय पिवळे असावे लागतात. हा पिवळेपणा पाळीव कोंबडीला कोठून मिळाला? सर्व कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की कातडीचा पिवळा रंग करड्या रानकोंबड्याकडून आला आहे. हा करडा रानकोंबडा आपल्याच सह्याद्रीतला. खानापूरच्या पलीकडच्या रानात पहाटे त्याची तुटक बांग आजही ऐकू येते. जपानने स्मारक म्हणून जपलेल्या पक्ष्याच्या पायांवर आपल्या रानातल्या एका परक्या जातीचा रंग आहे, आणि परीक्षक त्यालाच जातिवंतपणाची खूण मानतो.

कोणी विचारील, "फादर, मग असले पक्षी वाढवावेतच कशाला?" प्रश्न रास्त आहे. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात, प्रत्येक प्राण्याला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे, हे पुन्हा शिकवले आहे. त्या शिकवणुकीची कसोटी लावून मी एवढेच ठरवले आहे: आखूड पायांची दोन पाखरे एकत्र ठेवायची नाहीत. ह्याचा खर्च आहे. निम्मी पिले लांब पायांची निघतात; त्यांना बक्षीस नाही, गिऱ्हाईक नाही, पण कणी तेवढीच लागते. परंतु देखणेपणाची किंमत कोणीतरी द्यावीच लागते. ती पिलाने द्यावी की पाळणाऱ्याने, एवढाच प्रश्न आहे.

त्या मुलाला मी माझ्याकडची एक लांब पायांची कोंबडी दिली. आज्जीने नाक मुरडले. "ही कसली हो, फादर, बगळ्यासारखी?" पण पुढच्या खेपेला तिच्याच खुडूक गावठी कोंबडीखाली नऊ अंडी बसवली, आणि सातव्या दिवशी आज्जीही मेणबत्तीपाशी आली. एक अंडे फळलेलेच नव्हते. आठांत जाळे होते. रक्ताचे कडे एकातही नव्हते. आज्जीने खिळा टोपलीतून काढला नाही. असू दे, लोखंडाने कोणाचे नुकसान होत नाही.

ह्यावरून माणसांविषयी प्रवचन करण्याचा मोह मला होतो, व तो मी आवरतो. कारण माणूस कोंबडी नव्हे. कोंबड्यांचे नियम माणसांच्या घरात आणू पाहणाऱ्यांनी विसाव्या शतकात किती अनर्थ केला, हे जगाने पाहिले. पोप पायस अकरावे ह्यांनी १९३० सालीच विवाहावरील आपल्या परिपत्रकात त्या विचाराचा निषेध केला होता. तरीही सोयरीक जमवण्यासाठी मजकडे येणारी आपली सज्जन कुटुंबे जेव्हा प्रथम रंग विचारतात, मग उंची विचारतात, आणि स्वभाव विचारायचा राहूनच जातो, तेव्हा मला परसातल्या पिंजऱ्यांची आठवण होते. कोंबडीला निवडताना रंग आणि ठेवण पाहिली तर ती बिचारी तक्रार करीत नाही. माणसाच्या लेकीला मात्र ते पाहणे जन्मभर आठवते.

हल्ली चाबोची कीर्ती पसरल्याने आसपासच्या गावांतून जोडी मागायला लोक येतात. मी प्रत्येकाला एक आखूड पायांचा कोंबडा देतो आणि एक लांब पायांची कोंबडी. घेणारा कुरकुरतो, दोन्ही आखूडच द्या म्हणतो, जास्त पैसेही देऊ करतो. मी त्याला मेणबत्ती आणि रक्ताचे कडे समजावून सांगतो. पटले तर तो जोडी घेऊन जातो. न पटले तर रिकामे डालगे घेऊन परततो. जोडी फोडून मात्र मी कोणाला देत नाही.