नऊ वाजताची गर्दी

घरातील ब्रॉडबँडसारख्या रूक्ष विषयावर धर्मगुरूने लेखणी का उचलावी, असा प्रश्न आपणांस पडेल. तो आम्हांसही पडला असता. परंतु आमच्या गावातील एका मावशींनी तो पडू दिला नाही.

आमचे गाव खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कुशीत आहे. मोबाइलची रेंज टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. मावशींचा एकुलता एक मुलगा कुवेतला असतो. तो सायंकाळी साडेसहाला कामावरून खोलीवर येतो, तेव्हा आपल्याकडे नऊ वाजलेले असतात. आमच्या संगणकावर त्याचा चेहरा मोठा दिसतो म्हणून मावशी त्या वेळी आमच्या निवासस्थानी येऊन बसतात. गेल्या पावसाळ्यात असे होऊ लागले की, चेहरा उमटावा, ‘आई’ एवढा शब्द ऐकू यावा आणि चित्र जागच्या जागी थिजावे. मावशी वाट पाहत बसत. मग मध्येच अर्धे वाक्य येई, त्याला ना शेंडा ना बुडखा. एके रात्री त्या उठल्या आणि म्हणाल्या, “फादर, तो माझ्यावर रागावलाय. बोलायचं नसलं की त्याचा बापपण असाच बघत बसायचा.”

आम्हांला हसू आले आणि लगोलग लाजही वाटली. तळ्याकाठचा जमिनीचा तुकडा विकण्यावरून त्या मायलेकरांत खरोखरच कुरबूर झाली होती, हे आम्हांस ठाऊक होते. यंत्राचा दोष त्या माउलीने आपल्या पदरात घेतला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वेग मोजून पाहिला. पन्नास एमबीपीएसचे पैसे भरतो, तेवढा वेग पुरेपूर मिळत होता! मग रात्री नऊला मोजला, तो चारावर आला होता. प्रथम आम्ही स्वतःच्याच घराची झडती घेतली, आणि ते बरे झाले. राउटर आम्ही लोखंडी कपाटात, तोही दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंतीपलीकडे ठेवला होता. चोरी होऊ नये म्हणून! वायफायच्या लहरींना लोखंड भेदवत नाही, आणि जाड भिंत त्यांचा बराचसा जोर शोषून घेते. राउटर बाहेर उंचावर मांडला, संगणक सरळ तारेने जोडला. दुपारचे काम अधिक सुरळीत झाले; रात्रीचे नऊ मात्र होते तसेच राहिले. तेव्हा दोष घराबाहेरचा, एवढे निश्चित झाले. ही तारेची परीक्षा न करता जे कंपनी बदलतात, ते पुष्कळदा जुनेच दुखणे नव्या घरात घेऊन जातात.

घराबाहेर काय असते? गावच्या नळयोजनेचे उदाहरण घ्या. प्रत्येकाच्या दारी अर्ध्या इंचाचा नळ असला, तरी टाकीतून येणारी मोठी नळी एकच. पहाटे सर्वांनी तोट्या उघडल्या म्हणजे शेवटच्या घरी करंगळीएवढी धार येते. जाहिरातीत छापतात तो आकडा तोटीचा असतो, टाकीच्या नळीचा नव्हे.

१९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात असाच प्रसंग ओढवला होता. बर्कले येथील विद्यापीठ आणि त्याशेजारची लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा यांत अंतर अवघे चारशे यार्ड. त्यांमधील वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. तार तुटली नव्हती. गर्दी झाली होती, आणि वाटेत हरवलेले तुकडे जो तो पुनःपुन्हा पाठवून ती वाढवीत होता. व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरेल्स यांच्या साहाय्याने उपाय शोधला व १९८८ साली तो प्रसिद्ध केला : तुकडा हरवला की पाठविणाऱ्याने आपणहून वेग कमी करावा, मग हळूहळू वाढवीत जावे. चित्रपटास ही रीत मानवते, कारण पुढचा भाग आधीच आणून साठविता येतो. आईशी बोलणाऱ्या मुलाचे पुढचे वाक्य आधी कोठून आणणार? म्हणून शेजारच्या घरी सिनेमा सुरळीत चाले आणि आमच्याकडे मावशी थिजलेल्या चेहऱ्याकडे पाहत बसत.

आता अवघड भाग सांगतो. आमची लाइन ज्याची, तो याच गावचा तरुण. भर पावसात खांबावर चढून त्याने घरोघर तार नेली, उधारीवर दिली. आम्ही त्याला सोडले तर आमच्यामागे आणखी वीस घरे सोडतील, हेही आम्ही जाणत होतो. म्हणून प्रथम त्यालाच बोलावून घेतले.

“खरं सांगू, फादर? चाळीस घरं होती तेव्हा वरून तीनशे एमबीपीएस घेतलं. आता एकशे चाळीस घरं झालीत, आणि वरचं अजून तीनशेच आहे.”

आम्ही कागदावर मांडून पाहिले. चांगल्या प्रतीच्या चित्रपटास सुमारे पाच एमबीपीएस लागतात. साठ घरांनी एकाच वेळी चित्रपट लावला की तीनशे संपले; आणि रात्री नऊला आमच्या गावात साठ घरे चित्रपट पाहत नाहीत, असे कोण म्हणेल? ट्रायच्या २००६ च्या नियमावलीत, गर्दीच्या वेळी अशा मार्गाचा वापर ऐंशी टक्क्यांच्या आत असावा, आणि नव्वदांच्या वर गेला तर तेथे कोंडी झाली असे समजावे, असे म्हटले होते. येथे तर शंभर भरले होते. वाढवीत का नाहीस, असे विचारता तो म्हणाला, “महिन्याला शंभर रुपये वाढवतो म्हटलं, तर तुमच्या मंडळींनीच नको म्हटलं.” यावर आम्हांजवळ उत्तर नव्हते.

मग पर्यायांचा शोध. पहिल्या कंपनीचा माणूस गुळगुळीत पत्रक घेऊन आला : दोनशे एमबीपीएस, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. “तुमची तार गावात कोणत्या वाटेने येते?” असे विचारले, तेव्हा उलगडा झाला की गावापर्यंत तो आमच्या तरुणाच्याच मार्गाने येणार होता. पाटी नवी, टाकी तीच. दुसऱ्या कंपनीचे फायबर महामार्गाच्या बाजूने, स्वतंत्र येत होते. या प्रकारात बहुधा एका धाग्यावरील सुमारे अडीच हजार एमबीपीएस बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटले जातात. म्हणजे दारापाशी वाटा बरा. पण पुढे काय, हे पत्रक सांगत नाही. ते केवळ शेजारी सांगतो.

म्हणून आम्ही ती लाइन आधीच घेतलेल्या गुरुजींच्या पडवीत तीन रात्री नऊ वाजता जाऊन बसलो. एक रात्र रविवारची होती, एक क्रिकेटच्या सामन्याची. गुरुजींचा चहा फार गोड असतो, परंतु वेग उतरला नाही. वर पाठविण्याचा वेगही पाहिला. तो कमी असला तर मुलगा आईला दिसतो, आई मुलाला दिसत नाही. तिसऱ्या रात्रीनंतर आम्ही ती लाइन घेतली, तीही महिन्याच्या बोलीवर.

आपल्या तरुणास ही गोष्ट दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आम्ही स्वतः त्याच्या घरी गेलो. तो काही बोलला नाही. त्याच्या आईने पाणी आणून दिले, तीही बोलली नाही.

नव्या लाइनीवर पहिल्याच रात्री मावशी आणि त्यांचा मुलगा तळ्याकाठच्या तुकड्यावरून असे काही भांडले की आम्ही दार ओढून घेऊन अंगणात जाऊन उभे राहिलो. पाऊण तासाने त्या बाहेर आल्या. डोळे पुसलेले होते. “नाही विकत म्हणतोय,” एवढेच म्हणून त्या पायऱ्या उतरल्या.

पुढील आठवड्यात तरुण आपला जुना डबा न्यावयास आला.

“फादर, वायर खांबावर राहू दे. वरचं वाढवलं की परत विचारायला येईन.”

“अवश्य ये,” आम्ही म्हणालो, “पण दुपारी येऊ नकोस. नऊ वाजता ये.”