दोन ग्रंथालयें आणि त्यांचे वाचक

ब्रिटनच्या प्रवासास गेलेला आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ ग्रंथांची आवड असल्यास लंडनचें ब्रिटिश ग्रंथालय किंवा ऑक्सफर्डचें बोडलियन ग्रंथालय पाहून येतो. तीं पाहण्यासारखीं आहेत यांत शंका नाहीं. परंतु त्या देशांत ग्रंथ कोणते निर्माण झाले एवढेंच तेथें मुख्यतः समजतें. ते कोणी वाचले हें समजत नाहीं. पंडितानें काय वाचलें आणि विणकरानें काय वाचलें, हा प्रश्न मनांत धरून आम्हीं दोन लहान ग्रंथालयें मुद्दाम पाहिलीं. एक केंब्रिजमधील, व दुसरें स्कॉटलंडच्या एका आडबाजूच्या खेड्यांतील. तेथें जें आढळलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

केंब्रिज येथील मॉड्लिन कॉलेजांत सॅम्युएल पीप्स (१६३३–१७०३) यांचा ग्रंथसंग्रह आहे. पीप्स हे आरमार खात्यांतील बडे अंमलदार. रॉयल सोसायटीचें अध्यक्षपदहि त्यांनीं भूषविलेलें. १६६० ते १६६९ पर्यंत लघुलिपींत लिहिलेल्या रोजनिशीमुळें त्यांचें नांव अजरामर झालें. त्यांचे ग्रंथ १७२४ सालीं कॉलेजांत आले. ते बरोबर तीन हजार आहेत. त्यांत एकाची भर घालावयाची नाहीं व एकहि कमी करावयाचा नाहीं. ओकच्या लांकडाच्या बारा कपाटांत ते उंचीच्या क्रमानें लावलेले आहेत. बुटक्या पुस्तकांखालीं लांकडी ठोकळे ठेवून सर्वांचे माथे एका रेषेंत आणलेले पाहून आम्हांस त्या टापटिपीचें कौतुक वाटलें.

परंतु खरें नवल निराळेंच आहे. या थोर संग्रहांत लॅटिन व फ्रेंच ग्रंथांच्या सोबतीस सतराशेंहून अधिक छापील गाणीं आणि एका पेनीस मिळणारीं विनोदी चोपडीं नीट बांधून ठेविलेलीं आहेत. हीं गाणीं व चोपडीं फेरीवाले पाटींत घालून गांवोगांव विकीत. गरिबाच्या घरीं तीं हाताळून हाताळून फाटत, आणि शेवटीं पुडी बांधण्याच्या किंवा चूल पेटविण्याच्या कामीं येत. म्हणून तीं ज्यांच्यासाठीं छापलीं गेलीं त्यांच्या घरांतून नाहींशीं झालीं, आणि जपून राहिलीं तीं एका श्रीमंताच्या कपाटांत. विद्वान् मनुष्यहि सदासर्वकाळ विद्वत्तेचेंच वाचतो असें नाहीं, हें पीप्स यांच्या रोजनिशीवरूनहि दिसून येतें. १६६८ सालीं त्यांनीं एक हलक्या प्रतीचें फ्रेंच पुस्तक मुद्दाम साध्या बांधणींत विकत घेतलें, वाचलें, आणि आपल्या संग्रहास बट्टा लागूं नये म्हणून जाळून टाकलें!

यावरून गरिबांस काय विकलें जात होतें तें कळलें. पण चांगले ग्रंथ त्यांच्या हातीं दिले असते तर त्यांनीं ते वाचले असते काय? या प्रश्नाचें उत्तर केंब्रिजला मिळत नाहीं. त्यासाठीं आम्ही उत्तरेस स्कॉटलंडांत गेलों. पर्थपर्यंत आगगाडी आहे. पुढें क्रीफ गांवास मोटारीनें जावें लागतें. तेथून सुमारें चार मैलांवर, अर्न नदीच्या कांठीं, शेतांच्या मधोमध इनरपेफ्रीचें ग्रंथालय आहे. शेजारीं एक जुनें चॅपेल व लहानसें कबरस्थान, एवढाच काय तो परिसर.

डेव्हिड ड्रमंड, लॉर्ड मॅडर्टी, यांनीं १६८० सालीं आपले सुमारें चारशें ग्रंथ आसपासच्या लोकांसाठीं खुले केले. आरंभीं ते चॅपेलच्या माळ्यावर असत. १७६२ च्या सुमारास सध्याची इमारत उभी राहिली. पण इमारतीपेक्षां मोलाचें आहे तें तेथील नोंदवहीचें बाड. १७४७ पासून कोणीं कोणतें पुस्तक घरीं नेलें याची नोंद तींत आहे. आरंभींच्या काळांत तर नेणारा स्वतःच्या हातानें लिहून पुस्तक परत करण्याचें वचन देई. अक्षर कोठें वळणदार, कोठें नांगर धरणाऱ्या हाताचें. आणि हे वाचक कोण? विणकर, गवंडी, शिंपी, चांभार, लोहार, माळी, घड्याळजी, रंगाऱ्याचा उमेदवार, घरगडी, शाळामास्तर आणि पाद्रीहि! स्त्रियांचीं नांवें थोडीं आहेत, पण आहेत.

त्यांनीं नेलेल्या ग्रंथांत प्रवचनें आहेत, यांत आश्चर्य नाहीं. मूळ संग्रहांत धर्मग्रंथांचाच भरणा होता. 'जें मिळालें तें वाचलें' असा आक्षेप येथें कोणी घेईल. परंतु अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत नवे ग्रंथ आले तेव्हां या लोकांनीं विल्यम रॉबर्ट्सन यांचा सम्राट् पांचव्या चार्लस्‌चा इतिहास आणि बफाँ यांचा सृष्टिविज्ञानाचा ग्रंथ आवडीनें नेला. दोन्ही अनेक खंडांचे व जड विषयाचे. दिवसभर माग चालवून रात्रीं हा इतिहास वाचणाऱ्या मनुष्यास अडाणी म्हणण्यास आमची जीभ वळत नाहीं. याचें कारण शोधूं गेल्यास तें गूढ नाहीं. प्रत्येक पॅरिशांत शाळा असावी असा कायदा स्कॉटलंडांत १६९६ सालींच झाला होता. अक्षरओळख शाळेनें दिली, ग्रंथ या दानशूर गृहस्थानें दिले. अभिरुचि लोकांनीं स्वतः दाखविली.

जेथें अशी सोय नव्हती तेथें किंमत आड येई. एकोणिसाव्या शतकांत तीन खंडांची नवी कादंबरी साडेएकतीस शिलिंगांस पडे. ही रक्कम सामान्य मजुराच्या आठवड्याच्या मजुरीहून अधिक. १८४२ पासून मूडी यांच्या लंडनमधील दुकानांतून वर्षास एक गिनी भरून एका वेळीं एक खंड नेतां येई. पण गिनी म्हणजेहि एकवीस शिलिंग, तेव्हां ती सोय मध्यम वर्गाचीच. १८५० सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला व १८५२ त मँचेस्टर येथें मोफत ग्रंथालय उघडलें. पुढें १९३५ सालीं पेंग्विनचीं पुस्तकें सहा पेन्सांस निघालीं. प्रत्येक वेळीं दार थोडें अधिक उघडलें, आणि प्रत्येक वेळीं बाहेर वाचक वाट पाहत उभेच होते.

इनरपेफ्री येथून पुस्तकें घरीं देण्याची वहिवाट १९६८ सालीं बंद झाली. तेथें बसून मात्र आजहि वाचतां येतें, आणि विद्वान् लोक आतां ग्रंथांइतकाच त्या नोंदवहीचा अभ्यास करतात.

या दोन ठिकाणांवरून आम्हांस एकच गोष्ट पटली. पेनीचें चोपडें सरदारी थाटाच्या कपाटांत सांपडतें आणि सम्राटाचा इतिहास विणकराच्या झोंपडींत; मग अमक्याची आवड अमुकच, हें आधींच ठरविणारे आपण कोण? मोठ्या कुटुंबांत पुस्तकांच्या कपाटाची किल्ली बहुधा एकाच्याच कनवटीस असते, आणि 'हें त्यांना काय कळणार' असें घरांतील वृद्ध स्त्रिया, मुलें व नोकरमाणसें यांविषयीं सहज बोललें जातें. ती किल्ली महिनाभर खुंटीवर टांगून ठेवावी, शेजारीं एक कोरी वही ठेवावी, आणि कोण काय नेतें तें पाहावें.