पुराने दिलेला किनारा

इटलीच्या वायव्येस लिगुरियाचा किनारा आहे. तिथे डोंगर समुद्रात इतका सरळ उतरतो, की गावाला पाय टेकायला जागा मिळणेच कठीण. तरीही मोंतेरोसो, वेर्नात्सा, कोर्निल्या, मानारोला आणि रियोमाज्जोरे ही पाच गावे शतकानुशतके त्या कड्यांना धरून उभी आहेत. ‘चिंक्वे तेर्रे’ या त्यांच्या एकत्रित नावाचा अर्थच ‘पाच भूमी’. 1997 साली युनेस्कोने या परिसराला जागतिक वारशाचा मान दिला. ला स्पेत्सियाहून निघणारी आगगाडी बोगद्यातून बोगद्यात शिरते. मध्येच क्षणभर निळा समुद्र चमकतो आणि पुन्हा अंधार होतो. अशाच एका उजेडात वेर्नात्सा येते.

जून महिन्यात कृष्णाकाठच्या एका गावातून आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मुलगा, सून आणि नातवासह त्या स्थानकावर उतरल्या. मुलगा नोकरीनिमित्त मिलान शहरी राहतो. परदेशात आजींना पहिली काळजी आहाराची होती. पण तिथे उन्हाळ्यात सूर्य रात्री नऊनंतर मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम विनासायास पाळला जात होता. तुळशीच्या जातीच्या पानांची तिथली प्रसिद्ध हिरवी चटणी त्यांनी नाकारली. तिच्यात लसूण असतो, आणि त्यातले चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेले असते. मात्र हरभऱ्याचे पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्ह तेल एवढ्यावरच होणारी ‘फारिनाता’ त्यांना आपल्या धिरड्याची बहीणच वाटली.

स्थानकापासून एकच मुख्य रस्ता उतरत बंदरापर्यंत जातो. तिथे सान्ता मार्गेरिताचे जुने चर्च अगदी पाण्याला लागून आहे, आणि त्याच्या पायाशी चिमूटभर वाळू. त्या रस्त्याखालून एक ओढा वाहतो, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. 25 ऑक्टोबर 2011 रोजी मात्र तो सर्वांना कळला. उन्हाळाभर तापलेल्या समुद्रावरून शरद ऋतूत येणारे ढग तिथे कधी कधी भयंकर बरसतात. त्या दिवशी काही तासांच्या पावसाने डोंगर सुटला. माती, दगड, झाडे, मोटारी सारे त्या चिंचोळ्या रस्त्यावरून समुद्राकडे धावले. तळमजले गाळाने भरले. वेर्नात्सात तीन जणांचे प्राण गेले.

त्याच राड्यातून गावाला एक नवा किनारा मिळाला. मुख्य रस्त्याच्या कडेला खडकात एक भगदाड आहे. वाकून त्यातून पलीकडे गेले, की कड्याच्या कुशीत गोट्यांची लहानशी पुळण दिसते. पुराने आणून टाकलेल्या दगडगोट्यांची ती पुळण लाटा रोज थोडी घडवतात, थोडी नेतात.

नातवाने तिथे एक पांढरी रेघ असलेला गोटा उचलला. “आज्जी, हा घरी नेऊ या?”

“कुणी दिला तुला?”

“समुद्रानं.”

“समुद्रानं इथं ठेवलाय, बाळा. तुला दिला नाही. दिल्यावाचून घ्यायचं नाही, हे ठाऊक आहे ना?”

गोटा पुन्हा जागेवर गेला. आजी मात्र बराच वेळ त्या गोट्यांकडे पाहत राहिल्या. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा त्यांच्याही अंगणात आली होती. देव्हाऱ्याच्या खोलीत छातीभर पाणी होते. सासऱ्यांनी जपलेल्या पोथ्यांचा लगदा झाला. त्यानंतर घर तसेच पडून होते. आता मुलाने ते विकण्याचा विषय काढला होता आणि त्या म्हणाल्या होत्या, “वीक बाबा. सगळं अनित्यच आहे.” बारा भावनांतील पहिलीच भावना ही. तिचा आधार घेतला, की दुःख थोडे हलके होते.

पण वेर्नात्साच्या डोंगरउतारावर या उत्तराला छेद देणारी एक गोष्ट उभी आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी चुना-मातीशिवाय, नुसता दगडावर दगड रचून मैलोन्‌मैल बांध घातले आणि त्यांच्या आधाराने द्राक्षांची व ऑलिव्हची ताली केली. अशा बांधातून पाणी झिरपून जाते, माती मात्र राहते. एक दगड निखळला, की तो लगेच परत बसवावा लागतो. नाहीतर शेजारचा सुटतो आणि एखाद्या पावसात सबंध ताल खाली येते. माणसे शेती सोडून शहरांकडे गेली तसे कितीतरी बांध बेवारस झाले, आणि बेवारस उतार पावसाला लवकर शरण जातो. पूर केवळ ढगाने आणला नव्हता. त्याला उतारावरच्या ओसाडीचाही हात लागला होता. म्हणून आज तिथे पुन्हा बांध रचणे चालू आहे. 2018 साली युनेस्कोने इटलीसह आठ देशांतील या रचनाकलेला मानवतेच्या वारशात स्थान दिले.

अनित्य भावना वस्तूवरची आसक्ती सोडायला शिकवते, वस्तूविषयीची जबाबदारी नव्हे. बंधाच्या कारणांत आचार्यांनी प्रमादही गणला आहे. ‘नाश पावणारच’ म्हणून न सावरणे हे वैराग्य नसते. पुष्कळदा तो वैराग्याचे वस्त्र पांघरलेला प्रमाद असतो. दगड बसवणाऱ्या वेर्नात्साच्या माणसालाही ठाऊक असते, की बांध कायमचा नाही. तरी तो दगड बसवतो, कारण बांधाखाली कुणाचे तरी घर आहे.

परतीच्या गाडीत आजी मुलाला म्हणाल्या, “घर विकायचं तर वीक, माझी ना नाही. पण आधी मागची भिंत बांधून घे. ती पडली तर शेजारच्यांच्या गोठ्यावर पडेल. आणि ज्यांना देशील, त्यांना पाणी कुठवर आलं होतं ते खरं सांग.”

मुलाने मान हलवली. घर राहील की जाईल, हे त्या दिवशी ठरले नाही. ठरली ती भिंत.