वीस मिलिमीटरचं भोक

माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजची पोरं 'फॉर्म्युला स्टुडंट' स्पर्धेसाठी रेसची गाडी बांधतायत. गेल्या रमजानमध्ये तरावीहनंतर तो मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. इंजिन मोटरसायकलचं, ६०० सीसीचं. हवेच्या वाटेवर एक नळी, मध्येच आवळलेली. तिथे फक्त २० मिलिमीटरचं भोक. हा रिस्ट्रिक्टर. "मामू, सगळी हवा इथूनच गेली पाहिजे. नियमच आहे."

भोक लहान, तर इंजिन जास्त जोराने ओढेल, असं मला वाटलं. नाही ओढू शकत. भोकातल्या हवेने आवाजाचा वेग गाठला की संपलं. पुढे पोकळी वाढल्याची खबर हवेतून आवाजाच्याच वेगाने मागे जाते, ती भोकापलीकडे पोचतच नाही. सेकंदाला साधारण ७४ ग्रॅम हवा, बस्स. कमी फेऱ्यांवर इंजिनाला फारसं जाणवत नाही. वरच्या फेऱ्यांवर दम कोंडतो. म्हणून पोरांची अक्कल लागते भोकापुढच्या नळीवर. ती हळूहळू रुंदावली तर गेलेला दाब बराचसा परत मिळतो. एकदम रुंदावली तर हवा भिंत सोडते आणि भोवरे होतात.

भाच्याने चालू इंजिनच्या नळीवर तळवा दाबला. इंजिन बंद पडायला हवं होतं. ते गुरगुरत राहिलं. म्हणजे पुढे कुठेतरी फट. एक पोरगा हसत म्हणाला, "राहू दे ना, फुकटची हवा आहे."

जोड उघडून सीलंट लावलं. ते वाळेपर्यंत भाच्याने १९९५ च्या कॅटलोनिया रॅलीची गोष्ट सांगितली. टोयोटाच्या सेलिका गाड्यांना टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर होता. नळी जोडून आवळली की तो आतल्या आत सरके आणि बाजूने हवेला वाट मिळे. तपासायला नळी सोडली की स्प्रिंगने पुन्हा जागेवर. पकडले गेले, गुण गेले, बारा महिन्यांची बंदी आली. सांगताना तो त्या कारागिरीवर फिदा होता. मला ते खटकलं. पण ती स्प्रिंग कुठे बसवली होती, हे मीही दोनदा विचारलं.

"तपासणीत सापडणार नसतं, तर फट बुजवली असतीस?"

त्याने उत्तर दिलं नाही. पान्याने क्लॅम्प आवळत राहिला.

इंजिन सुरू केलं, तळवा ठेवला. ते लगेच गप्प झालं. तीन वाजत आले होते, आम्ही सहरीला घरी निघालो.