टोकाचा शेवटचा मिलिमीटर

घड्याळ घेऊन येणारं गिऱ्हाईक त्याची हकिकतही सोबत आणतं. वडिलांनी पहिल्या पगारात घेतलेलं, कपाटात होतं, कुणी हात लावलेला नाही. मी ऐकून घेतो, मागचं झाकण उघडतो आणि डोळ्याला आयग्लास लावतो. हात लागला होता की नाही, ते स्क्रूंच्या डोक्यांवर स्वच्छ दिसतं. खाचेच्या कडा वर उचकटल्या असतील तर पातं खाचेपेक्षा पातळ होतं. खाचेची दोन्ही टोकं शाबूत आणि मधलाच भाग कुरतडलेला असेल तर पातं अरुंद होतं. स्क्रूभोवती ब्रिजवर, म्हणजे चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवर, गोल ओरखडा असेल तर पातं डोक्यापेक्षा रुंद होतं. आणि ब्रिजवरून बॅलन्सच्या चाकाच्या दिशेनं गेलेली एक लांब सरळ रेघ असेल, तर विचारायलाच नको, ड्रायव्हर घसरला. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. वडिलांनी त्याला सांगितलेलं नसतं, इतकंच.

या खुणांचा दोष लोक कारागिराच्या हाताला देतात. मला तो निम्म्याहून अधिक त्याच्या ड्रायव्हरच्या टोकाचा वाटतो. उतारवयात हात कापायला लागलेले घड्याळजी मी पाहिलेत. चहाचा कप उचलताना बशीत चहा सांडायचा, पण पातं एकदा खाचेत बसलं की स्क्रू सुबक निघायचा, कारण नीट बसलेलं पातं हाताला जागेवर धरून ठेवतं. उलट तरण्याबांड पोरांनी बोथट ड्रायव्हरनं चांगल्या मशीनची वाट लावलेलीही पाहिली आहे. म्हणून नवखा मुलगा येऊन "काका, कुठला सेट घेऊ?" असं विचारतो, तेव्हा मला त्याला सेटपासून सुरुवातच करू द्यायची नसते.

आमच्या टेबलावर अजूनही सर्वांत जास्त येतं ते एचएमटी. १९६१ साली बेंगळुरूच्या कारखान्यात जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं ही घड्याळं बनू लागली. त्यातल्या चावीच्या ‘जनता’नं महाराष्ट्रातली किती मनगटं सांभाळली असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. अशा घड्याळाचं बहुतेक काम ०.८० ते १.६० मिलिमीटर रुंदीच्या पात्यांवर निघतं. घड्याळजींच्या ड्रायव्हरला रंगाच्या पट्ट्या असतात: ०.८० पिवळा, १.०० काळा, १.२० लाल, १.४० करडा, १.६० जांभळा, २.०० हिरवा. कामात कुणी आकडा बोलत नाही. "लाल दे" म्हटलं की १.२० हातात पडतो.

हा आकडा पात्याच्या रुंदीचा. रुंदी कशी निवडायची ते सोपं आहे: स्क्रूच्या डोक्याइतकी, किंवा त्याहून केसभर कमी. डोकं ब्रिजच्या खळगीत खाली बसलेलं असेल तर ते केसभर कमी असायलाच हवं, नाहीतर पात्याचे कोपरे खळगीची भिंत खरवडतात. पण पात्याची जाडी कुठल्याही पट्टीवर लिहिलेली नसते, आणि खरा खेळ जाडीचा आहे. एकाच रुंदीचे दोन स्क्रू घ्या, एक जपानी मशीनचा, एक स्विस. दोघांच्या खाचा सारख्या असतीलच असं नाही. पातं खाचेत ठेवायचं, दाबायचं नाही, नुसतं डावी-उजवीकडे वळवून बघायचं. पात्याला खाचेत मोकळीक जाणवली तर ते पातं त्या स्क्रूचं नव्हे. मोकळीक असलेलं पातं फिरवलं की सगळा जोर पात्याच्या दोन कोपऱ्यांवरून खाचेच्या दोन कडांवर येतो, आणि कड उचकटते.

मग बाजारात योग्य जाडीचं पातं कुठून आणायचं? आणायचं नाही, करायचं. ज्यांच्याकडे मी शिकलो त्या अण्णांनी पहिले काही महिने मला घड्याळ उघडूच दिलं नाही. दगड पुढ्यात ठेवला, भंगारातली मशीनं दिली आणि म्हणाले, "आधी पाती लाव. ज्याला पातं लावता येत नाही त्यानं घड्याळाला हात लावायचा नाही." पाट्याला टाकी लावावी तसं हे काम अधूनमधून करावंच लागतं, ते एकदा करून संपत नाही.

पातं लावायची रीत अशी. बारीक दाण्याचा ऑइलस्टोन, त्यावर तेलाचा एक थेंब. पातं चाकाच्या होल्डरमध्ये धरलं तर कोन बदलत नाही. सरावलेला माणूस हातानंच धरतो, पण सुरुवातीला होल्डर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पात्याची एक बाजू दगडावर जवळजवळ आडवी टेकवायची आणि मागे-पुढे चालवायची. मग पातं उलटून दुसरी बाजू, तितकेच घासे. एका बाजूला दोन घासे जास्त झाले की टोक मधल्या रेषेवरून सरकतं, आणि असं तिरकं टोक खाचेत एका भिंतीवरच रेलतं. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की टोक अगदी धारदार होतं. इथं नवखे खूश होतात आणि थांबतात. थांबायचं नाही. आता पातं दगडावर उभं धरून टोकाची धार मोडायची, दोन-तीन हलके घासे. आयग्लासखाली टोकाकडे समोरून पाहिलं तर बारीक, सरळ कडांची आयताकृती पट्टी दिसली पाहिजे. ती पट्टी खाचेत बसवून बघायची. जाड वाटली तर पुन्हा बाजू, पातळ वाटली तर पुन्हा टोक. शेवटचे घासे मी आडवे मारतो, टोकाला समांतर. त्यानं पात्यावर उमटणाऱ्या बारीक रेषा खाचेच्या भिंतीला धरून राहतात आणि पातं वर सरकायला कमी मागतं. हे अण्णांचं. पुस्तकात कुणी लिहिलं असेल तर मी वाचलेलं नाही.

आणखी एक. टोकाजवळच्या दोन्ही बाजू शक्य तितक्या समांतर हव्यात. पाचरीच्या आकाराचं पातं फिरवताना जोर लागला की आपोआप वर चढतं, मग आपण वरून जास्त दाबतो, आणि दाब सुटतो तेव्हा ती लांब सरळ रेघ उमटते.

तर विकत काय घ्यायचं? मूठ आणि पोलाद. मुठीच्या डोक्यावरची टोपी बॉल बेअरिंगवर मोकळी फिरणारी हवी. तर्जनी टोपीवर टेकवून खाली दाब द्यायचा, अंगठा आणि मधलं बोट मूठ फिरवतात. टोपी अडखळत असेल तर मूठ फिरताना तर्जनीही ओढली जाते आणि पातं कलतं. दुकानातच टोपीवर बोट ठेवून मूठ फिरवून पाहावी. मुठीला कुठंतरी षट्कोनी भाग हवा, म्हणजे ती टेबलावरून घरंगळत नाही. पातं बदलता यायला हवं, बाजूच्या छोट्या स्क्रूनं आवळलेलं. ज्याचं पातं मुठीत कायमचं बसवलेलं आहे ते हत्यार घड्याळजीनं घेऊ नये, कारण पातं दगडावर झिजतच जाणार, आणि झिजायलाच हवं.

स्वित्झर्लंडमधल्या ल लोक्ल गावची बर्जों ही कंपनी १७९१ पासूनची. तिच्या फिरत्या स्टँडवरच्या ड्रायव्हरांचा सेट आमच्या धंद्यात मानाचा समजला जातो. तो उत्तम आहे, पण त्याचीही नवी पाती लावूनच घ्यावी लागतात. कारखान्यातून येणारी धार बहुधा आपल्या कामाला जरा पातळ असते. त्याच रंगाच्या पट्ट्यांच्या हुबेहूब नकला लॅमिंग्टन रोडपासून तपकीर गल्लीपर्यंत मिळतात. त्यांच्या मुठी वाईट नसतात, पोलादात मात्र गडबड असते. म्हणून पैसे बेताचे असतील तर मी सांगतो, अख्खा सेट घेऊ नकोस. पिवळा, लाल आणि जांभळा असे तीन चांगले घे, प्रत्येकाची सुटी पाती घे आणि उरलेल्या पैशात दगड घे. दगडावर काटकसर करायची नाही.

पोलादाचं पाणी हा नाजूक मामला. पातं फार कडक असेल तर कोपरा तुटतो, आणि तुटलेला कण नेमका खाचेत अडकून बसतो. फार मऊ असेल तर पिळवटतं. दोहोंत निवडायची वेळ आली तर मी मऊ निवडेन. पिळलेलं पातं दगडावर सरळ होतं, तुटलेला कण काढताना मात्र संध्याकाळ जाते. पातं कधीही विजेच्या ग्राइंडरवर लावू नये, याचंही कारण हेच. भारी घड्याळांचे स्क्रू मुद्दाम सुमारे ३०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून निळे करतात, शोभेसाठी आणि गंज लागू नये म्हणून. तोच निळा रंग ग्राइंडरवर पात्याच्या टोकाला चढला की पात्याचं पाणी उतरलं समजायचं. स्क्रूवर जो रंग मिरवतो तो पात्यावर दिसला तर तेवढा तुकडा घासून टाकावा लागतो.

चुंबकाबद्दल घड्याळजी आणि मोबाइलवाले यांचं कधी जमणार नाही. माझ्या शेजारच्या मोबाइलवाल्याला टोकाला चुंबक हवंच असतं. मोबाइलचे स्क्रू इतके बारीक की टोकाला चिकटले नाहीत तर जमिनीवरच शोधायचे. चावीच्या घड्याळात तेच चुंबक हेअरस्प्रिंगला लागलं तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पुढे पळू लागतं. त्याचा ड्रायव्हर माझ्या टेबलावर येत नाही, हा आमचा अलिखित करार. मी होकायंत्राजवळ पातं नेऊन पाहतो. सुई दोन्ही टोकांनी पात्याकडे ओढली गेली तर पात्यात नुसतं लोखंड आहे. एक टोक ओढलं जाऊन दुसरं दूर ढकललं गेलं, तर पात्यात चुंबकत्व शिरलंय.

आता चौफुलीचा स्क्रू. इथं माझा सगळा उपदेश उलटा होतो, कारण चौफुलीचं टोक दगडावर लावता येत नाही. एकदा गोल झालं की टाकूनच द्यायचं. म्हणून पैसे खर्च करायचेच असतील तर इथं करावेत. हा आकार अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सच्या नावानं चालतो. १९३६ साली त्याला पेटंट मिळालं आणि लवकरच कॅडिलॅक मोटारी या स्क्रूंनी जोडल्या जाऊ लागल्या. टोक आपोआप मध्यावर बसतं, म्हणून कारखान्याच्या वेगाला तो फार सोयीचा. पण त्याच्या भिंती तिरक्या असतात, आणि जोर वाढला की टोक वर चढून बाहेर पडतं. त्यात जपानी चौफुलीचं माप वेगळं. जुन्या निकॉन, कॅनन, याशिका कॅमेऱ्यांचे स्क्रू फिलिप्सनं काढायला गेलं की टोक पूर्ण तळाशी बसतच नाही. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणूनच घात होतो. या कॅमेऱ्यांचे जे स्क्रू ‘जाम’ म्हणून माझ्याकडे येतात, त्यांतले बरेचसे जाम नसतात, चुकीच्या टोकानं खाल्लेले असतात. ओसाकाच्या व्हेसलचा जपानी मापाचा ००चा ड्रायव्हर वापरून पाहा, मग फिलिप्सला जपानी स्क्रूजवळ फिरकू देणार नाही. घरातल्या मिक्सरला, स्विचबोर्डाला आपला नाशिकच्या सातपूरचा टपारिया बेश आहे, तिथं स्विस-जपानीची मिजास नको.

ॲपलनं २००९ साली मॅकबुक प्रोच्या बॅटरीला पाच पाकळ्यांचा स्क्रू लावला आणि पुढे आयफोनच्या तळाशी त्याचाच छोटा अवतार आणला. त्याला ०.८ मिलिमीटरचं टोक लागतं. त्यात यांत्रिक फायदा काय, यावर शेजारचा आणि मी पुष्कळ बोललो आहोत. आमच्या मते फायदा एकच: मालकानं आपली वस्तू उघडू नये. टोकं बाजारात आली आणि तो हेतूही फार टिकला नाही.

उलट्या आट्यांचं मात्र तसं नाही, तिथं चांगलं हत्यारही मदतीला येत नाही. चावीच्या बऱ्याच घड्याळांत क्राउन व्हीलचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो, ‘सुटा’ म्हणून फिरवलं की आवळला जातो. काही कंपन्या त्याच्या डोक्यावर मधल्या खाचेच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक रेघ कोरून ओळख ठेवतात, काही काहीच ठेवत नाहीत. पातं जितकं छान बसलेलं, तितका जोर व्यवस्थित लागतो आणि तितक्या सफाईनं स्क्रूचं मुंडकं तुटून हातात येतं. तीन रेघा दिसल्या की हात आखडता घ्यायचा. रेघा नसतील तर आधी दोन्हीकडे अगदी हलकं फिरवून पाहायचं.

चष्म्याच्या दांडीचा स्क्रू ढिला झाला म्हणून आळीतले लोक सगळ्यात जास्त माझ्याकडे येतात. बिजागरीचा तो स्क्रू बहुतेक वेळा १.२ किंवा १.४ मिलिमीटर जाडीचा असतो. माझ्या लाल किंवा जांभळ्यानं तो सहज आवळला जातो, आणि मी त्याचे पैसे घेत नाही. काहीजण म्हणतात, "तुमचा ड्रायव्हर जरा द्या, घरी जाऊन करतो." त्यांच्यासाठी खोक्यात बत्तीस टोकांचा, चकचकीत मुठीचा एक स्वस्त सेट ठेवला आहे. तो कधी परत येतो, कधी येत नाही. मी विचारायलाही जात नाही.